बटणावर मावेल तेवढं

सोमवार, १७ जून २०१९

आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. रोज लिहायचं. मोजकं लिहायचं. आणि ऑफिसातल्या त्या चौकटीचा कायमचा बंदोबस्त करायचा.

चौकट म्हणजे कॉम्प्युटरवरच्या बुकिंगच्या यादीतून एखादं लग्न काढायला गेलं की पडद्यावर उगवते ती. 'काढायचं?' आणि खाली दोन बटणं. हो. नाही. बस. बाजारात कोंबडीचा भाव करावा तसं. अख्ख्या सोलो शहरात कोणी कोणाला तोंडावर 'नाही' म्हणत नाही आणि हे यंत्र शेजारच्या टेबलावरच्या बू तिनुकसारख्या घरंदाज बाईला दिवसातून दहा वेळा 'नाही' दाबायला सांगतं. तिला ते दाबवत नाही. मग ती 'हो' दाबते. गेल्या महिन्यात एक अख्खा साखरपुडा असाच गेला. पुस्पालोका मंगल कार्यालयात असं व्हावं! दोष तिचा नाही, बटणांचा आहे. हे फक्त मला कळलं.

बावीस वर्षं मी बुकिंगच्या टेबलावर आहे. सगळे मानाने 'पाक हार्सोयो' म्हणतात, बायकांना 'बू' म्हणतात तसं. नुसतं हार्सोयो म्हणायची मालकांचीसुद्धा छाती नाही.

आमच्या निकेनसाठी २५ ऑगस्टचा रविवार धरून ठेवलाय. मोठा हॉल. लग्नाचा महिना, त्यात रविवार. लोक वर्षभर आधी येऊन हात हलवत परत जातात. मी फेब्रुवारीतच तिचं नाव टाकलं. मुलगी एकुलती एक. तिची आई जाऊन चार वर्षं झाली, तेव्हा जे करायचं ते मीच.

मुलगा, दिदिक, सुराबायाचा आहे, तोंडावर बोलणाऱ्या लोकांच्या गावचा. त्याला आता इलाज नाही. ३० तारखेला त्याच्या घरचे रीतसर मागणी घालायला येणार आहेत.


गुरुवार, २० जून

स्क्रिप्टची भाषा शिकतोय. चार ओळी लिहिल्या की कॉम्प्युटर आपल्या मनाने कामं करतो, माणसासारखी कुरकुर नाही. पण चौकटीची बटणं तयारच येतात. हो-नाही घ्या, नाहीतर ठीक-रद्द घ्या. आपले शब्द घालायची सोयच नाही. ज्याने ही भाषा केली त्याच्या घरी पाहुणे येत नसावेत.

इंटरनेटवर एका फोरमवर युक्ती सापडली. चौकट उघडली की लगेच स्क्रिप्टने तिला गाठायचं आणि बटणांवर आपली अक्षरं चिकटवायची. एका मिनिटाचं काम.

सकाळी दहा ते चार लागले. माझी अक्षरं चौकटीवर न जाता प्रिंटरच्या खिडकीवर गेली. बू तिनुकला पावती छापायची होती. तिने दोनदा विचारलं, पाक, यातलं छापायचं बटण कोणतं? मी म्हणालो, संध्याकाळपर्यंत थांबा. ती 'इंग्गिह, पाक' म्हणाली. किती गोड शब्द आहे हा. 'हो' म्हटल्यासारखंही होतं आणि कोणी बांधीलही राहत नाही.


सोमवार, २४ जून

जमलं!!! अक्षरं बरोबर बटणांवर बसली. क्षणभर मूळचं हो-नाही चमकून जातं, मग माझी येतात. तेवढं चालायचं.

आता शब्द. दोन दिवस शब्दांवरच बसलो आहे. कामाचा प्राण तोच आहे. शेवटी हे ठरवले:

डावं: आपली हरकत नसल्यास ही नोंद काढून टाकण्याची कृपा व्हावी.

उजवं: आपली हरकत नसल्यास ही नोंद राहू देण्याची कृपा व्हावी.

वाचल्यावर माझंच मन भरून आलं.

फोरमवर टाकलं. कोणीतरी उत्तर दिलं की, लेबल बदललंस तरी आतून हो-नाहीच जातं, आणि शब्द दोनच ठेव, बटण लहान असतं. नाव-गाव काही नाही, नमस्कार नाही. मी आभाराचं सविस्तर उत्तर लिहिलं. त्याने वाचल्याचं दिसत नाही.


शुक्रवार, २८ जून

चारही कॉम्प्युटरवर बसवलं. मालक पाक गुनादी स्वतः आले. मी वीस मिनिटं माहिती दिली. ते म्हणाले, अप्रतिम. बू तिनुक म्हणाली, फारच छान झालंय पाक, डोळ्यांना गार वाटतं. हॉलचे दोन वाढपी आले होते तेही छान म्हणाले. एकानेही एकही शंका विचारली नाही, इतकं ते स्पष्ट होतं.

घरी निकेनला सांगितलं. ती दुकानातून (औषधांच्या दुकानात आहे) दमून आली होती. म्हणाली, बापाक, रविवारी फार लांबवू नका हं. दिदिकचे बाबा सरळ माणूस आहेत.

लांबवायचा प्रश्नच येत नाही. भाषण तयार आहे.


रविवार, ३० जून

आजचा दिवस आयुष्यात लक्षात राहील.

दहा वाजता आले. मुलाचे वडील पाक कासन, आई, आणि दिदिक. वडील बंदरावर क्रेन चालवायचे. आवाज अजून क्रेनवरूनच येतो. टोपल्या आणल्या होत्या, चिकटभाताचे गोड पदार्थ, केळ्यांचा अख्खा घड, कापड. घरात पाऊल टाकायच्या आधी त्यांनी 'भूक लागलीय राव' असं म्हटलं. मी ऐकलं नाहीसं दाखवलं.

मग मी बोललो. पंचेचाळीस मिनिटं. सगळं दरबारी भाषेत. हवेपासून सुरुवात केली, नदीवर आलो, नदीवरून भाताच्या रोपांवर, रोपं एका खाचरातून दुसऱ्या खाचरात लावतात तेव्हा त्यांच्या मुळांना काय होतं त्यावर. मग निकेनच्या आईवर. मुलाची आई पंख्याने वारा घेत होती. दिदिक खाली बघत होता. संस्कार असावेत थोडे.

मी थांबलो तर पाक कासन म्हणाले, 'बरं. मग पोरगी देताय का नाही? काय ते एकदा हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, आमची साडेचारची गाडी आहे.'

सुराबाया! काय बोलणार. मी हसलो आणि शांतपणे त्यांना तोच मुद्दा जरा सोपा करून परत सांगितला. दहा-बारा मिनिटं. ते बायकोकडे बघायला लागले. बायकोने विचारलं, टोपल्या इथे ठेवू की परत नेऊ? मी म्हणालो, आपल्याला जसं सोयीचं वाटेल तसं.

त्या घेऊन गेल्या. टोपल्या बहुतेक भाड्याच्या असाव्यात. पण केळी तरी ठेवायची.

पाहुणे गेल्यावर निकेन बराच वेळ स्वयंपाकघरात नळ सोडून उभी होती. डोळे लाल. मुलींना अशा वेळी भरून येतंच.


सोमवार, १ जुलै

सकाळी निकेनने विचारलं, बापाक, काल तुम्ही हो म्हणालात का?

मी म्हणालो, सगळं बोलण्यात आलं की.

कुठे? म्हणाली.

मी म्हणालो, एवढा तासभर बोललो, त्यात नसेल का?

तिने माझ्या वाटीत सोतोचा रस्सा वाढला आणि कामाला गेली. आजकालच्या मुलांना ऐकायचा धीर नाही.


शुक्रवार, ५ जुलै

एक बारीकशी गोष्ट. बटणांवर पूर्ण वाक्य मावत नाही. बटणाची रुंदी ठरलेली आहे, ती वाढत नाही, उरलेलं कापलं जातं. त्यामुळे दोन्ही बटणांवर सध्या असं दिसतं:

आपली हरकत नस

आपली हरकत नस

हे माझ्या पहिल्या दिवशीच लक्षात आलं होतं. पण मला त्यात अडचण दिसली नाही, कारण पुढचं काय आहे ते मला माहीत आहे. आणि वळण असलेल्या माणसाला पहिल्या अर्ध्यावरून दुसरं अर्धं कळतंच. सगळं उघडं करून लिहायचं तर मग मूळचं हो-नाही काय वाईट होतं?

कोणाची तक्रार नाही. मुद्दाम प्रत्येकाला विचारलं. सगळे म्हणाले, इंग्गिह, पाक, कळतं की.

निकेन हल्ली संध्याकाळी फोनवर बोलायला अंगणात जाते. घरात रेंज येत नाही म्हणते. माझ्या फोनला येते.


बुधवार, १० जुलै

कार्तासुराचं एक कुटुंब आलं. पुढच्या शनिवारी त्यांच्याकडे लग्न. यादीत नाव नाही. मुलीची आई माझ्या टेबलासमोर उभी राहून हसत होती. आमच्याकडे बायका फार राग आला की अशाच हसतात.

मी यादी वरून खाली दोनदा चाळली. पण बू तिनुकने ड्रॉवर उघडून कसलीशी निळी वही बघितली आणि म्हणाली, आहे आहे, काळजी करू नका, लहान हॉल, सकाळची वेळ. कुटुंब गेलं. मी विचारलं, ती वही कसली? म्हणाली, पाककृतींची, पाक. लग्नाची तारीख त्यात कशी? म्हणाली, त्या दिवशी कोणता मसाला मागवायचा ते लिहिते.

हुशार बाई आहे. दोन कामं एका वहीत.

यादीतून नाव कसं गेलं त्याचा शोध लावला पाहिजे. बहुधा व्हायरस.


मंगळवार, १६ जुलै

व्हायरस नाही. माणसं गोंधळतात, कारण त्यांना लगेच ठरवावं लागतं. म्हणून तिसरं बटण दिलं. चौकटीत तिसऱ्याची सोय होतीच, तिथे मूळ शब्द 'रद्द' असतो. मी त्यावर घातलं: विचार करून कळवतो. हे जवळजवळ पूर्ण मावतं. 'विचार करून कळ' इतकं दिसतं.

तीन तासांत सगळे तेच दाबायला लागले. इतकं लोकप्रिय बटण मी पाहिलं नाही. लोकांना नक्की काय हवं असतं ते मला बरोबर कळतं, असं पाक गुनादींना सांगितलं. ते म्हणाले, पाक, जरा विश्रांती घेत जा.

किती काळजी करतात.


शुक्रवार, १९ जुलै

तिसरं बटण दाबलं की चौकट दोन मिनिटांनी परत येते, विचार झाला का विचारायला. हे मीच तसं केलंय, शिष्टाचार म्हणून. आता बू तिनुकच्या पडद्यावर एकावर एक सत्तावीस चौकटी साचल्या आहेत. तिने पडद्याला खिडकीकडे वळवून ठेवलंय. म्हणते, ऊन येतं डोळ्यावर.

दिदिक एकदाही घरी आला नाही, तीन आठवडे झाले. निकेनला सहज विचारलं. म्हणाली, कामात आहे. मग म्हणाली, बापाक, तुम्हाला तो आवडतो का, खरं सांगा. मी म्हणालो, सुराबायाला फार उकडतं म्हणतात. तिथून आम्ही हवेवर बराच वेळ बोललो. छान गप्पा झाल्या.


सोमवार, २२ जुलै

२५ ऑगस्ट यादीत नाही.

निकेनचं नाव नाही. तिथे एका मोबाइल कंपनीच्या विक्रेत्यांचं स्नेहसंमेलन आहे.

चार वेळा बघितलं. कॉम्प्युटर बंद करून परत लावला. दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघितलं.

बू तिनुकला विचारलं. तिचा चेहरा एकदम पडला. म्हणाली, पाक, माझ्याच हातून झालं असेल, ती दोन बटणं... मी म्हणालो, कोणतं दाबलंत? डावं की उजवं? ती म्हणाली, आठवत नाही हो. मग मी तिला बोललो. बावीस वर्षांत कोणाला बोललो नव्हतो. तिने ऐकून घेतलं.

मोबाइल कंपनी हटायला तयार नाही. पाक गुनादी म्हणाले, बघू या. म्हणजे नाही.

दोन्ही बटणं सारखी दिसतात, हा दोष शेवटी माझा. इथे लिहितो, दुसऱ्या कोणाला कळायचं कारण नाही.


मंगळवार, २३ जुलै

निकेनला सांगितलं. कसं सांगावं याचा दिवसभर विचार केला. मूळ चौकटीच्या रचनेपासून सुरू केलं, बटणाची रुंदी, कापली जाणारी अक्षरं. मग शेवटी हॉल गेल्याचं.

ती रडली नाही. ओरडली नाही. म्हणाली, असू दे बापाक, बटणाची चूक. तुम्ही जेवलात का?

काय मुलगी आहे! दुसरी असती तर आकांत केला असता. हे सगळं मी दिलेलं वळण.

ऑक्टोबरात बघू एखादी तारीख. सप्टेंबर तर सुरोचा महिना, लग्नं नसतातच. ऑक्टोबर नाही जमलं तर पुढचं वर्ष. घाई काय आहे? पुढच्या वर्षीपर्यंत ती इथेच आहे, हे काही वाईट नाही.


सोमवार, २९ जुलै

बू तिनुक आजारी, रजेवर. एक जण सप्टेंबरनंतरच्या तारखा विचारायला आला. यादीवर माझा आता विश्वास नाही. तिच्या ड्रॉवरमधली निळी वही काढली.

पाककृती एकही नाही. सगळी लग्नं. जूनच्या अखेरीपासून एकूण एक, तारीख, वेळ, हॉल, कुटुंब, सगळं तिच्या बारीक अक्षरात. वाढप्यांच्याही अक्षरात आहे. मधेच पाक गुनादींच्या अक्षरातसुद्धा आहे.

२५ ऑगस्ट, मोठा हॉल, निकेन. त्यावर रेघ. बाजूला: '३ जुलै. निकेनने स्वतः येऊन रद्द केलं. पाकना सांगायचं नाही.'

३ जुलै. मागणीला तीन दिवस झाले होते.

तारखा विचारायला आलेल्या त्या माणसाला मी तारीख दिली की नाही ते आठवत नाही.


मंगळवार, ३० जुलै

बू तिनुक आली. मी वही तिच्या टेबलावर ठेवली.

आधी तिने मला चहा आणून दिला. मग दार लावलं. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी मानाची भाषा सोडून साध्या भाषेत बोलली, घरच्या माणसाशी बोलतात तशी. म्हणाली, 'पाक, तुमच्या त्या चौकटीत कोणतं बटण काय करतं ते आम्हाला कोणालाच ठाऊक नाही. आम्ही डोळे मिटून कुठलंही दाबतो आणि वहीत लिहितो.'

मी म्हणालो, तुम्ही छान म्हणाला होतात.

'मग दुसरं काय म्हणणार होते?'

मी निकेनचं विचारलं. म्हणाली, 'ती इथे या खुर्चीवर बसून रडली. तुमचं भाषण तिने मला जवळजवळ सगळं म्हणून दाखवलं. मी सोलोची आहे पाक, मला तर ते 'नाही' वाटलं. मुलाच्या आईला 'नाही' वाटलं. फक्त तिच्या सासऱ्याला वाटतंय की अजून विचारता येईल.'

मी म्हणालो, मी 'नाही' कधी म्हणालो?

ती म्हणाली, 'हो कधी म्हणालात?'

मी तिला २२ तारखेला बोललो होतो त्याबद्दल माफी मागायची राहिली. उद्या मागेन. ते खोटं तिने निकेनसाठी अंगावर घेतलं.


बुधवार, ३१ जुलै

पाक गुनादींनी स्क्रिप्ट चारही कॉम्प्युटरवरून काढून टाकायला सांगितलं. म्हणजे ते म्हणाले, जपून ठेवू या, खास प्रसंगासाठी. मी समजलो. काढलं. आता परत हो-नाही.

सोलोचं कसं व्हायचं?


रविवार, ४ ऑगस्ट

निकेन बोलली. बाजारातून तांदळाचे गोड सेराबी आणले होते, माझ्या आवडीचे, गरम. म्हणजे विषय मोठा.

लग्न सुराबायालाच. दिदिकच्या दारात मांडव, ३१ तारखेला. हॉल नको. थाट नको. तिकडे एका औषधांच्या दुकानात नोकरीचंही ठरलंय. २० तारखेच्या गाडीचं तिकीट. हे सगळं तिने माझ्याकडे बघून, एकेक करून सांगितलं. सासऱ्याची लागण झालेली दिसते.

मग एक कागद पुढे केला. लग्न नोंदवायच्या कार्यालयाचा. मुलीचं लग्न तिच्या वडिलांनी लावून द्यायचं असतं. सुराबायाला जायला मला जमलं नाही तर कागदावर लिहून चालतं. त्यात छापलंय: 'माझ्या मुलीचं लग्न लावून देण्यास मी तयार आहे / तयार नाही.' आणि खाली तिरप्या बारीक अक्षरात: लागू नसेल ते खोडा.

हो-नाहीच. सरकारनेही लाज सोडली.

म्हणाली, बापाक, एक शब्द खोडायचा आणि सही करायची. मी म्हणालो, ठेव टेबलावर. उद्या करतो.


सोमवार, ५ ऑगस्ट

चांगलं पेन सापडलं नाही.


गुरुवार, ८ ऑगस्ट

पेन आणलं. कागदाच्या कोपऱ्यावर चहा सांडला. वाळू दे.


रविवार, ११ ऑगस्ट

बकरी ईद. सणाच्या दिवशी सह्या करत नाहीत. निकेनने सगळ्या नातेवाइकांचे पाय धरून माफी मागितली, रीतीप्रमाणे. माझे धरताना बराच वेळ उठली नाही. मी तिच्या केसांवर हात ठेवला. बोलायचं होतं. तेवढ्यात शेजारचे मटण घेऊन आले.


बुधवार, १४ ऑगस्ट

लिहूनच टाकतो, इथे कोण वाचतंय.

मला ती जायला नको आहे. दिदिक वाईट नाही. सुराबाया वाईट नाही. तिचा सासरा तर मला आवडलासुद्धा. पण चार वर्षं आम्ही दोघंच जेवतो. ती आली नाही तर मी भात कोणासाठी लावू? मागणीच्या दिवशी माझ्या तोंडाशी 'हो' आलं होतं आणि मी ते येऊ दिलं नाही. नदीवर बोलत बसलो. तिला ते कळलं. सगळ्यांना कळलं. मलाच कळायला दीड महिना लागला.

हे वर लिहिलेलं खोडायचं आहे. उद्या.


शनिवार, १७ ऑगस्ट

स्वातंत्र्यदिन. झेंडावंदन. पोत्यात पाय घालून शर्यती, मी पंच होतो. दोन जण एकदम पोचले, मी दोघांनाही पहिलं बक्षीस दिलं. सगळे खूश झाले असतील.

कागद टेबलावरच आहे. डाग वाळला.


मंगळवार, २० ऑगस्ट

सकाळी निकेनची बॅग दारात. मी कागद दिला. सही केली होती. इतकी सुरेख सही बऱ्याच वर्षांत आली नव्हती, शेवटच्या अक्षराचं शेपूट पार मागे नेऊन वळवलं.

तिने बघितलं. म्हणाली, बापाक, खोडलं नाही काहीच. यातलं कोणतं?

मी तिला सायकल शिकवली होती ते सांगायला लागलो. ती सहा वर्षांची, मी मागून धरून पळतोय, ती म्हणतेय सोडू नका, मग म्हणतेय सोडा. तिला वाटलं मी सोडलं, पण मी सोडलं नव्हतं, अख्खा रस्ता. ती उभ्याने ऐकत होती. पूर्ण ऐकलं. मध्ये एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही.

मग खुर्चीवर बसली. माझ्या ड्रॉवरमधून पट्टी काढली, माझंच पेन घेतलं, आणि पट्टी लावून एक रेघ मारली. 'तयार आहे' वर.

म्हणाली, तिकडे विचारून ठेवलंय. वडील तयार नसले तर तिथला अधिकारी वडिलांच्या जागी उभा राहतो. कागद जरा फिरवावे लागतात, तारीख पुढे जाईल, पण होतं. मग माझ्याकडे बघून विचारलं, 'बरोबर ना, बापाक?' रागाने नाही. औषधाच्या चिठ्ठीवरचं अक्षर नीट लागलं का, असं विचारावं तसं.

तेव्हा बोलता आलं असतं. एक शब्द होता. कितीही लहान बटणावर मावला असता.

मी म्हणालो, इंग्गिह.

तिने कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. मी बॅग रिक्षापर्यंत नेली. रेघ अगदी सरळ आली होती.


रविवार, २५ ऑगस्ट

मोठ्या हॉलमध्ये मोबाइलवाले. मी बुकिंगच्या टेबलावर. बू तिनुकने घरून डबा आणला होता. न विचारता माझ्या पुढ्यात ठेवला.

दुपारी निकेनचा मेसेज आला. बापाक, जेवलात का?

मी उत्तर लिहायला घेतलं. दीड तास लिहीत होतो. तिथल्या उकाड्यात पाणी भरपूर पी, इथून सुरुवात केली. मग घर, मागची लिंबाची कुंडी, शेजारचे, पाक कासन यांना नमस्कार, त्यांच्या पत्नीस नमस्कार, त्या टोपल्यांबद्दल चार शब्द, केळ्यांचा विनोद. तिच्या आईची एक आठवण. आणि सगळ्यात शेवटी, एकट्या ओळीत, लिहिलं: हो. मी तयार आहे. तो कागद फाडून टाक, नवीन आण, मी स्वतः येतो लग्न लावून द्यायला.

पाठवलं.

दोन मिनिटांत उत्तर आलं. 'इंग्गिह बापाक, पाणी पिते. तुम्हीही वेळेवर जेवा.'

मी माझाच मेसेज उघडून बघितला. फोनवर वरच्या काही ओळी दिसतात, पाण्याच्या आणि उकाड्याच्या. बाकीचं वाचायला खाली 'आणखी' हा एक शब्द दाबावा लागतो.

वाचेल. कामात असेल आत्ता. 'हो' अगदी शेवटी आहे.